तुकानोची टोपी आणि शेलूबाजारकडचा ‘हूं’

शेलूबाजारच्या फाट्यावर ट्रॅव्हल्सवाल्यानं मला उतरवलं तेव्हा नुकतं उजाडलं होतं. एका हातात कपड्यांची पिशवी होती, दुसऱ्या हातात टॉवेलात गुंडाळलेला हेडफोन आणि तोंडात एकच स्वर. ‘उ म्हणायचं, पण ओठ हसरे ठेवायचे.’ पुण्याहून निघाल्यापासून मी तोच घोकत होते. शेजारच्या सीटवरच्या गृहस्थांनी नगरपर्यंत सोसलं आणि मग मागच्या रिकाम्या सीटवर जाऊन पांघरूण डोक्यावरून घेतलं. मी त्यांच्या जागी असते तर याच्याही आधी गेले असते.

मी अक्षरं काढते. म्हणजे संगणकावर जी अक्षरं उमटतात, त्यांची वळणं आखून देते. गेलं वर्षभर माझ्याकडे तुकानो नावाच्या भाषेचं काम आहे. कोलंबिया आणि ब्राझीलच्या सीमेवर वाउपेस नदीच्या काठानं ही भाषा बोलतात. तिथल्या मुलांसाठी एक वाचनपुस्तक तयार होतंय, त्याची अक्षरजुळणी माझ्याकडे. मी तिकडे कधी गेलेले नाही, माझ्या पासपोर्टची मुदतही कधीच संपली आहे. पण या भाषेनं मला असं काही वेड लावलंय की भाजीवाल्याकडेही मी ‘वा’इ’ म्हणून बघते. वा’इ म्हणजे मासा. मधे घशात क्षणभर अडकायचं, उचकी येता येता थांबल्यासारखं. वि’इ म्हणजे घर, तिथंही तसंच. तो हसरा ‘उ’ लिहायला u या अक्षराच्या पोटातून एक आडवी रेघ ओढतात. आणि सगळ्यात गंमत नाकाची. एखादा शब्द नाकात शिरला की बहुतेक वेळा सगळाच्या सगळा शिरतो, अर्धा बाहेर अर्धा आत अशी भानगड नाही. अशा स्वराच्या डोक्यावर एक नागमोडी टोपी घालतात.

या सगळ्या आवाजांची मालकीण म्हणजे लुसिंदाआजी. तिचा भाचा एलिआस तिथल्या शाळेत शिक्षक आहे. तो तिचे शब्द एका छोट्या रेकॉर्डरवर टिपून घेतो आणि नेटवर्क मिळेल तेव्हा पाठवतो. तीनशे शब्द आले. पुस्तकाच्या मागच्या अर्ध्या भागात तिची एक लांबलचक गोष्ट यायची होती, तिच्या वडिलांकडच्या माणसांची, जी आता तिच्याशिवाय कुणालाच पुरती येत नाही. आणि नेमकी तिथे आजी गप्प बसली. एलिआसनं कळवलं, ‘ती म्हणते, दोन वर्षं या डबीशी बोलतेय. डबीला तोंड नाही का? पलीकडून कुणी उत्तर देईपर्यंत एक शब्द सांगणार नाही.’ पुस्तकाचं काम करणाऱ्या आम्ही पाचही जणांनी आर्जवं केली, फोटो पाठवले, मी माझ्या मांजराचासुद्धा फोटो पाठवला. आजी ढिम्म. तिचं वय बघता मला रोज धास्ती वाटायची, की ती अशीच रुसून राहिली तर गोष्ट तिच्याबरोबरच जाईल आणि माझ्या पुस्तकात पन्नास कोरी पानं राहतील.

तिच्या रुसव्याला औषध नव्हतं, म्हणून आम्ही दुसऱ्या भांडणाला लागलो. टोपी शब्दातल्या प्रत्येक स्वरावर घालायची, की एकदाच पहिल्या स्वरावर? शेवटी ठरलं की ज्यांनी ही भाषा कधी ऐकली नाही आणि ज्यांच्या कानाला स्पॅनिश लागलेलं नाही अशा वीस जणांना शब्द ऐकवायचे आणि त्यांना नाक कुठे कुठे ऐकू येतं ते विचारायचं. मी लगेच म्हटलं, माझ्याकडे आहेत असे कान. वंदनाताई माझ्या ओळखीच्या. वाशिम जिल्ह्यातल्या एका गावात अंगणवाडी चालवतात, पुण्याला एका शिबिरात आम्ही एका खोलीत राहिलो होतो. गावाचं नाव इथे लिहीत नाही, कारण गावानंच मनाई केली आहे. ‘उद्या दुसरी मॅडम दुसरी मशीन घेऊन यायची’, असं त्यांचं म्हणणं पडलं.

फाट्यावर तर्री-पोहे खाल्ले. तर्री (झणझणीत चण्याचा रस्सा, वर तेलाचा लाल तवंग) मी बेतानंच मागितली होती, पण हॉटेलवाल्याला बेत हा प्रकार मान्य नव्हता. त्यानं पळीभर ओतली आणि विचारलं, “कुठी जाऊन राह्यल्या?” मी गावाचं नाव सांगितलं. “कोनाकडं?” सांगितलं. “काहून?” तेही सांगितलं, दक्षिण अमेरिकेच्या जंगलातली भाषा ऐकवायला. त्यानं पळी खाली ठेवली आणि माझ्याकडे नीट बघितलं. “इकडची ऐकून झाली का तुमची?” माझ्या डोळ्यांतून घळाघळा पाणी वाहत होतं. ते तर्रीचं होतं, पण त्याला वाटलं मला त्याचं बोलणं लागलं, म्हणून त्यानं वर दही घातलं.

काळीपिवळीत (गावोगाव फिरणारी जीप) आम्ही चौदा जण होतो. माझ्या मांडीवर हिरव्या हरभऱ्याच्या जुड्या होत्या, त्या माझ्या नव्हत्या. समोरच्या बाईंनी विचारलं, “मघापासून तोंडातल्या तोंडात काय म्हनून राह्यल्या व?” मी म्हटलं, एक स्वर आहे, अवघड आहे. झालं. अख्ख्या जीपला तो स्वर पाहिजे झाला. मी सांगितलं, उ म्हणा, पण ओठ पुढे काढू नका, फोटो काढताना हसतो तसे ठेवा. चौदा माणसं दात काढून ‘उ’ म्हणू लागली. एका आजोबांना पहिल्याच फटक्यात जमलं, कारण त्यांना दात नव्हते आणि ते तसेही हसतच होते. ड्रायव्हर ओरडला, “मॅडम, हे बंद करा, माह्या गाडीचा गिअर चुकून राह्यला!” पण वळणावर तोही म्हणत होता, मी आरशात पाहिलं.

वंदनाताई फाटकाशीच उभ्या होत्या. “या, जय भीम! कितीक वाळल्या व तुमी,” असं म्हणून त्यांनी माझ्या हातातलं सगळं काढून घेतलं आणि चहा पुढे केला. मी त्यांना नियम समजावले. खोली शांत पाहिजे. एका वेळी एकच माणूस. दुसऱ्यानं सुचवायचं नाही. शब्द ऐकायचा, मग समोरच्या कार्डावरच्या तीन चित्रांपैकी एकावर बोट ठेवायचं: टोपी नाही, टोपी सुरुवातीला, टोपी सगळीकडे. बास. आणि पुरावा म्हणून बाजूला माझा रेकॉर्डर चालू राहील. वंदनाताई प्रत्येक नियमाला मान डोलावत होत्या. त्या मान डोलावण्याचा अर्थ ‘ऐकलं’ एवढाच असतो, ‘पाळू’ असा नसतो, हे मला दुपारपर्यंत कळलं.

जागा विहारात होती. गार फरशी, जाड भिंती, अगदी मनाजोगती खोली. बाहेर हडंबा (मळणीचं यंत्र) तूर खात धडधडत होता, तर वंदनाताईंनी नुसतं जाऊन कमरेवर हात ठेवले आणि तो बंद झाला. मी खूश झाले. वळून पाहते तो एका माणसाच्या जागी सतरा बायका भिंतीला टेकून बसलेल्या. गावाच्या सगळ्या बाजूंच्या आल्या होत्या, दोघी तर शेतातून विळ्यासकट. मी म्हटलं, एकेक करून आत या. त्या म्हणाल्या, आम्ही आतच आहोत की.

पहिल्या मथुराबाई. सत्तरीच्या, कपाळ मोठं, आवाज त्याहून मोठा. गावात कुणाच्याही घरची गोष्ट त्यांच्याशिवाय पुढे सरकत नाही, असं वंदनाताईंनी कानात सांगितलं. मी त्यांच्या डोक्यावर हेडफोन चढवला, रेकॉर्डर सुरू केला आणि पहिला शब्द लावला. लुसिंदाआजीचा आवाज त्यांच्या कानात गेला असणार, कारण मथुराबाई दचकल्या, सावरून बसल्या, पदर नीट केला आणि मोठ्यानं म्हणाल्या, “हूं.”

मी म्हटलं, बाई, हूं म्हणायचं नाही. बोट ठेवायचं.

“हाव,” त्या म्हणाल्या. मी दुसरा शब्द लावला.

“हूं. मंग?”

तिसऱ्याला “हूं” आणि चौथ्याला “बरं, मंग?” पाचव्यानंतर मी हेडफोन काढून पुन्हा पहिल्यापासून समजावलं. मथुराबाईंनी शांतपणे ऐकून घेतलं, ऐकताना मलाही तीनदा ‘हूं’ दिला, आणि सहाव्या शब्दाला पुन्हा तेच. मग भिंतीकडून मागणी आली, “आमालेबी ऐकू द्या ना!” वंदनाताईंनी, माझ्या भल्यासाठीच, हेडफोनची वायर ओढून काढली. शब्द पुन्हा पहिल्यापासून लागले आणि खोलीभर लुसिंदाआजी घुमू लागली. ती एक शब्द बोले आणि सतरा बायका एका सुरात म्हणत, “हूं.”

माझा कान फार चांगला आहे असा माझा समज आहे आणि तो मी चारचौघांत बोलूनही दाखवते. पण त्या दुपारी कान सोडून माझं सगळंच तापलं. मी प्रत्येकीला विनवलं, “अहो, हुंकार नका देऊ, माझं सगळं रेकॉर्डिंग खराब होतंय.” विळेवाल्या दोघींतल्या एक बाई म्हणाल्या, “माय, बोलनाऱ्याले हूं नाई म्हनलं तं त्याले वाटते, भिंतीशी बोलून राह्यलो.” मी म्हटलं, पण ती इथं नाहीये! “मंग? आवाज तं हाय ना तिचा.” कार्डांचं म्हणाल तर बोटं ठेवली गेली, पण ती आधी चर्चा होऊन, बहुमतानं, आणि एकदा तर मागच्या रांगेतून मतं बदलल्यामुळे फेरमतदान होऊन.

चर्चेतून एक निष्कर्ष मात्र ठाम निघाला. बाईला पडसं झालंय.

“पाहा ना,” मथुराबाई म्हणाल्या, “कवा चांगली बोलते, कवा नाक चोंदते. जंगलात राह्यते म्हनता, पान्यापावसाचं. इचारलं नाई का कोनी तिले?” मी हसून समजावू लागले की आजार नाही, भाषाच तशी आहे, काही शब्द नाकातून असतात. त्यांनी मायेनं माझ्याकडे पाहिलं, शिकलेल्या माणसाकडे पाहतात तसं. एकजण उठून गेली आणि ओव्याची पुरचुंडी घेऊन आली. तव्यावर गरम करून हुंगायला सांगा म्हणाली. ती पुरचुंडी मी हेडफोनच्या टॉवेलात बांधून घेतली, अजून माझ्याकडे आहे.

जेवायला रोडगे होते (गव्हाच्या कणकेचे जाड गोळे, गोवऱ्यांच्या आरात भाजलेले), सोबत वांग्याची भाजी आणि वरण. रोडगा फोडून त्यात तूप ओतायचं असतं. मी तीन खाल्ले. दुःखात माणूस जास्त खातो असं मी म्हणणार होते, पण खरं सांगायचं तर तीन खाल्ल्यावर दुःख उरलंच नाही, नुसती झोप उरली. तरी अंगणात बाजेवर पडल्या पडल्या मी हिशेब मांडला: वीस कान आणायचे होते, सतरा मिळाले, आणि त्या सतरांचा मिळून एकच कान झाला. पुण्याला जाऊन काय सांगू?

दुसऱ्या दिवशी सकाळी पुन्हा सगळ्या विहारात हजर. मी काही लावलं नाही. म्हटलं, आज काम नाही, काम कालच बुडालं. मथुराबाईंनी विचारलं, “काहून व? तोंड काहून पाडलं?” आणि मग मी, का कोण जाणे, त्यांना सगळं सांगून टाकलं. टोपीचं नाही. लुसिंदाआजीचं. की ती रुसून बसली आहे. की तिची एक गोष्ट आहे, ती तिलाच येते. की ती म्हणते, दोन वर्षं बोलतेय आणि पलीकडून कुणी उत्तरच देत नाही, डबीला तोंड नाही का. मी सांगत होते आणि त्या बायका मला वाक्यावाक्याला ‘हूं’ देत होत्या. बोलता बोलता मला जाणवलं की माझ्या या धास्तीला वर्षभरात कुणी असं ऐकून घेतलं नव्हतं.

मी थांबले. मग मथुराबाईंनी मांडीवर थाप मारली.

“मंग आमी काल दिवसभर काय करून राह्यलो होतो? हूं तं म्हनून राह्यलो होतो तिले! अन् तुमीच मना करून राह्यल्या!”

मग मी जी हसत सुटले ती थांबेचना, फरशीवर बसकण मारली, आणि त्याही सगळ्या हसायला लागल्या. वंदनाताई पाण्याचा तांब्या घेऊन धावत आल्या, त्यांना वाटलं मला तर्री बाधली. माझा रेकॉर्डर! नियमाप्रमाणे काल दिवसभर चालू होता. आजीचा शब्द, मग “हूं.” आजीचा शब्द, मग “बरं, मंग?” पहिला शब्द ते शेवटचा, एकही सुटला नव्हता. ज्याला मी खराब म्हणत होते तेच तर ती दोन वर्षं मागत होती.

गावात नेटवर्क टाकीच्या चबुतऱ्यावर चढल्यावर येतं. आम्ही चढलो, मथुराबाईंना दोघींनी वर घेतलं. पाठवण्याआधी त्या म्हणाल्या, “थांबा, माह्या तोंडानं सांगू द्या,” आणि फोन ओठाला लावून ओरडल्या, “बाई, आमी ऐकून राह्यलो! तू सांग! अन् नाकाले जप!” मी एलिआससाठी खाली चार ओळींत अर्थ लिहिला आणि पाठवून दिलं. मग चबुतऱ्यावरच कुणीतरी पुडीतून भाजलेले शेंगदाणे काढले.

तिथे बसल्या बसल्या मी सहज टोपीची गोष्ट काढली. शब्द नाकातला असेल तर प्रत्येक अक्षरावर खूण करायची, की सुरुवातीला एकच पुरे? विळेवाल्या बाईंनी टरफल फुंकून टाकलं. “पडसं झालं तं अख्ख्या मानसाले होते ना. हाताले येगळं, पायाले येगळं होते का? एकदा सांगतलं, पुरे झालं.” मी वहीत लिहून घेतलं. वर्षभर पाच माणसं चार देशांतून ज्यावर भांडत होती, ते शेंगदाणे संपायच्या आत मिटलं.

परत निघताना वंदनाताई जीपपर्यंत आल्या. माझ्या पिशवीत सहा रोडगे, तुरीची डाळ, ओवा, आणि मथुराबाईंनी लुसिंदाआजीसाठी दिलेला हिरवा खण. “धाडा कसाबी,” एवढंच त्या म्हणाल्या. त्या खणाला पुणे ते वाउपेस कसं पोचवायचं ते मला अजून कळलेलं नाही. जीपमध्ये तोच ड्रायव्हर होता. मला बघून त्यानं सगळे दात दाखवले आणि म्हणाला, “उ.” अगदी बरोबर म्हणाला.

पुण्यात आल्यावर चार दिवस काहीच आलं नाही. मी उठल्या उठल्या फोन बघायची. पाचव्या दिवशी एलिआसचा निरोप आला. त्यानं आजीला हेडफोन दिला होता. पहिल्या ‘हूं’ला ती दचकली म्हणे, मग सावरून बसली. मग हसू लागली. सगळं ऐकून झाल्यावर तिनं पुन्हा पहिल्यापासून लावायला सांगितलं. एलिआसनं मथुराबाईंच्या निरोपाचा अर्थ सांगितला, तेव्हा तिनं त्याला विचारलं, ‘मला काय झालंय? नाकात तर त्या बोलतात, सगळ्याजणी. सर्दी त्यांनाच झाली असणार. त्यांना कळव, कोवळी पानं उकळून वाफ घ्या म्हणावं.’ आणि मग म्हणाली, ‘ती डबी आण इकडे.’

मी वंदनाताईंना फोन करून हे वाचून दाखवलं. पलीकडे सतराजणी असाव्यात असा दंगा झाला. त्यातून मथुराबाईंचा आवाज आला, “पाहा, मानूस कसं मायेचं हाय! सवता आजारी, अन् आमची काळजी करून राह्यली!”

त्या आठवड्यात गोष्ट आली. पाऊण तासाची. मी टोप्या एकेकच घालायच्या ठरवून संगणकासमोर बसले. प्रवासाला निघताना मला वाटलं होतं की मी एक अनोळखी भाषा वाशिमला ऐकवायला घेऊन चालले आहे. ऐकायचं कसं ते मलाच शिकायचं होतं, हे मला तिकडून आल्यावर कळलं, आणि तेही उशिरानं, स्वतःच्या कानाची फुशारकी मारणाऱ्या बाईला. मी गोष्ट लावली. लुसिंदाआजी एक वाक्य बोलली. मग थांबली. मला आधी वाटलं की रेकॉर्डिंग तुटलं. पण मागे पक्षी ओरडत होते, कुठेतरी पाणी ओतल्याचा आवाज होता, आणि आजीचा श्वास ऐकू येत होता. ती वाट बघत होती.

खोलीत मी एकटीच होते. “हूं,” मी म्हणाले.

ती पुढे सांगू लागली.